मिशीशिवायचा हिरो

दार उघडून आत येणं त्याला ठाऊकच नव्हतं. दार ही लाथ मारायची वस्तू आहे अशी त्याची पक्की समजूत होती. नवीन जालन्यात आमच्या ऑफिसच्या खाली एका बँकेची शाखा होती आणि तिचं काचेचं दार ओढून उघडायचं होतं. एकदा त्याने सवयीप्रमाणे त्याला पाय लावला. दार हललं नाही. तो मात्र उलट्या पावलांनी पायऱ्या उतरत थेट समोर उभ्या असलेल्या रिक्षात जाऊन बसला. रिक्षावाल्याने ओळखलं, हात जोडले आणि विचारलं, "भाऊ, कुठं सोडू?"

त्याने गॉगल सरळ केला. "स्टेशन," म्हणाला.

स्टेशनवर त्याचं काहीही काम नव्हतं. पण पायऱ्यांवर पंधरा-वीस माणसं बघत होती. तो स्टेशनला गेला, तिथे चहा प्यायला आणि दुसऱ्या रिक्षाने परत आला. या वेळी मात्र बँकेच्या वॉचमनने दार आधीच ओढून धरलं होतं.

आमच्या भागात सगळे त्याला हिरो म्हणत, त्याचं नाव घेत नसत. मीही घेत नाही. मोबाईलवर बघायचे तास-सव्वा तासाचे मारधाड सिनेमे तो करायचा. मंठा, परतूर, तीर्थपुरी, घनसावंगी, जिथे बाजार भरतो तिथल्या प्रत्येक पानटपरीवर त्याचं पोस्टर असे. पोस्टरवर आधी मिशी, मग गॉगल आणि उरलेल्या जागेत तो. या सिनेमांची व्यवस्था माझ्याकडे असे. जागा, गाड्या, जेवण, माणसं, सामान. त्याआधीपासून मी एका बियाणं कंपनीसाठी शेतकरी मेळावे भरवत होते, तिथेच गर्दी जमवायला त्याला बोलवायचे म्हणून ओळख झाली. यादी केल्याशिवाय मी चहासुद्धा सांगत नाही. पण त्याच्या सिनेमाची यादी वाचून नवा माणूस घाबरेल अशी असे. हरभऱ्याचं भुसकट चार पोती, कारण त्याने उडी मारली की धुराळा उठला पाहिजे आणि खऱ्या धुळीने त्याला शिंका येत. सरकीची पोती, शत्रूंना पडायला. मडकी, फोडायला. थर्माकोलचं दार, लाथेला. गुडघ्याचं तेल, एक बाटली. खलनायक दोन, पडायची सवय असलेले.

हे शेवटचं महत्त्वाचं. कारण तो स्वतः कधी पडत नसे. कुठल्याही सिनेमात त्याला कुणी खाली पाडलेलं नाही, थोबाडीत मारलेली नाही, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं नाही. एकदा एका नव्या लेखकाने कथेत हिरोची आई मरते असं लिहिलं. हिरोने ते पान वाचलं आणि परत दिलं.

"आईला वाचवा."

"पण भाऊ, ती गेल्यावरच तुम्ही सूड घेता ना."

"सूड आपण तसाबी घेतो. आई मेली तं रडावं लागंल. रडणं काय कला हाय का? कांदा कापला तरी येतं ते."

आई वाचली. सूड कशाचा होता ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

उड्यांचं सांगायचं तर, तो दोन विटांवरून उडी मारायचा. बाकीची उंची कॅमेरावाला द्यायचा. पँटच्या आत दोन्ही गुडघ्यांना पट्टे असत. ॲक्शन सिनेमात नायकाचं चालणं यंत्राने संथ करतात. त्याचं करायची गरज पडत नसे.

आणि हे सगळं असूनही, किंवा असल्यामुळेच, माणसं त्याच्यावर जीव टाकत. मी पाहिलं आहे. मेळाव्यात कृषी अधिकारी बोंडअळीवर बोलत असताना मागून कुणीतरी "हिरो आला!" असं ओरडायचा अवकाश, अर्धा मांडव रिकामा. तो बोनेटवर उभा राहून हात वर करी. उतरताना त्याला दोन माणसांचा आधार लागे. पण तो अशा ऐटीत दोन खांद्यांवर हात ठेवी की त्या दोघांना आपलाच सन्मान झाल्यासारखं वाटे.

त्याचे वडील मंठ्याच्या बाजूला एका खेड्यात राहत. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. अर्धा तालुका त्यांच्या गाडीत बसून शाळेला, बाजाराला आणि दवाखान्यात गेलेला, त्यामुळे त्यांची ओळख मुलापेक्षा जुनी आणि जास्त खरी. बापलेकांचं बोलणं मात्र बंद होतं. कारण असं की, मंठ्याच्या बाजारात पडदा लावून केलेल्या एका सिनेमाच्या पहिल्या खेळाला म्हाताऱ्यांना स्टेजवर बोलावलं, हार घातला आणि कुणीतरी माईक हातात देऊन म्हटलं, लेकाबद्दल दोन शब्द बोला. म्हाताऱ्यांनी माईक तपासला आणि दोन शब्द बोलले.

"पिक्चर चांगला हाय. पण हे सगळं खोटं हाय बरं का. ह्यो लहानपणी कोंबड्याला भ्यायचा."

बाजार हसला तो हसलाच. नंतर कित्येक महिने, हिरो कुठल्याही गावात गाडीतून उतरला की मागून एखादा कोंबडा आरवायचा. खरा नव्हे. हिरो त्या दिवसापासून घरी गेला नाही. वडिलांचा फोन आला तर उचलत नसे. आठ वर्षं झाली होती.

दरम्यान दुकान बसत चाललं होतं. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत खऱ्याच उलट्या उड्या मारणारी पोरं गावोगाव निघाली. त्यांना ना विटा लागत, ना भुसकट. शेवटच्या मेळाव्याला मी त्याला बोलावलं तेव्हा कंपनीच्या साहेबांनी तसलंच एक पोरगं आणलं होतं. सगळी गर्दी त्याच्याभोवती. हिरो मांडवाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर गॉगल लावून बसला होता. कुणीतरी सेल्फी मागायला आला असं वाटून तो उठला, तर त्या माणसाला फक्त खुर्ची पाहिजे होती.

अशा वेळी ती पोरगी आली.

ती जालन्याचीच, पुण्याला सिनेमाचं शिकून आलेली. तीर्थपुरीला मामाकडे सुट्टीत त्याचे सिनेमे बघत मोठी झालेली. तिच्याकडे एका गुन्ह्याची गोष्ट होती. वजनकाट्याचा एक मालक स्वतःच्या भागीदाराचा खून करतो, वर्षानुवर्षं कुणाला संशय येत नाही, मग एक म्हातारा इन्स्पेक्टर रोज येऊन त्याच्यासमोर बसतो, चहा पितो, गप्पा मारतो, आणि शेवटी मालक आपणहून सगळं कबूल करतो. मालकाच्या कामाला तिला हिरोच पाहिजे होता. मी विचारलं, असं का? ती म्हणाली, "ताई, तुम्ही त्यांचे डोळे नीट बघितलेत? प्रत्येक फाईटच्या आधी ते घाबरलेले असतात. मला तो घाबरलेला माणूस पाहिजे."

हे अर्थात आम्ही त्याला सांगितलं नाही.

कथा ऐकायला तो माझ्या ऑफिसात आला. दाराला लाथ मारली. ते उघडंच होतं. पोरगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "नमस्कार काका." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच घाईने म्हटलं, "भाऊ म्हण." मग तिने पाऊण तास कथा सांगितली. तो मन लावून ऐकत होता. संपल्यावर विचारलं,

"लय बेस. मारामारी कुठंय?"

"नाहीये."

"बिलकुल न्हाई? मंग मी काय करतो?"

"बसता."

"बसून?"

"ऐकता. इन्स्पेक्टर बोलतो, तुम्ही ऐकता."

"त्याला एक तरी देतो का न्हाई?"

"भाऊ, तुम्ही आधीच एक खून केलाय."

"मंग त्यो दाखवा की!"

"तो सिनेमा सुरू व्हायच्या आधी झालाय."

त्याने कपाळावर हात मारला. "बघा ताई! सगळ्या पिक्चरमधी माझी एकच फाईट, आन् तीबी पिक्चरच्या आधी!"

तरी त्याने हो म्हटलं. कारण दुसरं काहीच हातात नव्हतं, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. अडलं ते फक्त मिशीवर. पोरगी म्हणाली, मिशी असली की लोक तुम्हालाच बघतील आणि शिट्या मारतील. मला तो माणूस दिसायला हवा, मिशी काढा. हिरो खुर्चीतून उठलाच.

"मॅडम, माझे वडील जिवंत हायेत."

आमच्याकडे हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बाप गेला की मुलाची मिशी उतरते. बाप असताना तिला वस्तरा लागत नाही. आजकालची कॉलेजची पोरं काढतात, त्यांचं कुणी मनावर घेत नाही. पण ज्याची मिशी तीन तालुक्यांच्या टपऱ्यांवर लावलेली आहे, त्याचं घेतात. ज्या बापाचा फोन आठ वर्षं उचलला नाही, त्याच बापाला तो त्या दिवशी आमच्यासमोर ढाल करून उभा राहिला, आणि तेही इतक्या भक्तिभावाने की पोरगीने मिशीचा विषय सोडला. मिशीसकट शूटिंग सुरू झालं.

कबुलीचा प्रसंग पहिल्यांदा घ्यायचा ठरला, कारण गोदाम तीनच दिवस मिळणार होतं. औद्योगिक वसाहतीतलं रिकामं गोदाम, मध्ये एक टेबल, दोन खुर्च्या. इन्स्पेक्टरचं काम हौशी नाटकांत मुरलेले एक शाळामास्तर करत होते. ते हळू आवाजात विचारायचे, "शेठ, झोप लागते का तुम्हाला?" त्यावर मालकाने खाली बघायचं, थांबायचं आणि मोडत मोडत बोलायला लागायचं.

हिरो छाती काढायचा, मिशीवरून बोट फिरवायचा आणि गरजायचा, "हौ! म्याच मारला!"

मग शिट्या वाजतील एवढी जागा सोडून थांबायचा. मास्तर दर वेळी खुर्चीत दचकायचे.

"भाऊ," पोरगी म्हणाली, "तुम्ही कबुली देताय. उद्घाटन नाही करत."

तिने त्याला हळू बोलायला सांगितलं. तो दात खाऊन हळू बोलला, ते आणखी भयंकर. तिने त्याला नुसतं रडायला सांगितलं. त्याने कांदा मागवला. कांदा आला, डोळे लाल झाले, आणि लाल डोळ्यांनी तो इतका खुनशी दिसायला लागला की मास्तरांनी खुर्ची मागे घेतली. दोन दिवस हेच. दुसऱ्या संध्याकाळी पोरगीने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "भाऊ, तुम्ही मिशीच्या मागे लपताय. उद्या मिशी काढून या आणि दुपारपर्यंत हा सीन द्या. नाही जमलं तर संभाजीनगरचे एक नाटकवाले आहेत, त्यांना मी विचारून ठेवलंय."

सगळे निघून गेल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. गॉगल काढला होता. गॉगलशिवाय त्याचा चेहरा एखाद्या कारकुनासारखा दिसे.

"ताई, हे गेलं तं माझ्यापाशी काय राह्यलं? गुडघे?"

मी म्हटलं, वडिलांना विचारा आणि काढून टाका मिशी. तो मान हलवत उठला. अर्ध्या तासाने त्याचा फोन आला, "इचारलं. हौ म्हणले." साफ खोटं. त्याने फोन केलाच नव्हता, हे दुसऱ्या दिवशी उघड झालं.

त्याच संध्याकाळी तो गेला स्टेशनजवळच्या एका सलूनमध्ये. तिथे काय घडलं ते त्याने सकाळी आल्या आल्या मला सांगितलं. खुर्चीत बसून तो म्हणाला, मिशी काढ. सलूनवाला त्याच्याकडे बघतच राहिला. मग त्याने टीव्ही बंद केला. दुकानातली माणसं उठून उभी राहिली. सलूनवाल्याने हळूच विचारलं, "डोकंबी करायचं का, भाऊ?" हा म्हणाला, नको, फक्त मिशी. "बराबर हाय. आजकाल तेवढंच करतेत," असं म्हणून त्याने एवढ्या हळुवार हाताने वस्तरा फिरवला की बस. नंतर खांद्यावर हात ठेवला. बाहेर रस्त्यातही तेच. एकही कोंबडा आरवला नाही. ओळखीची माणसं वाट सोडून बाजूला होत होती, मान खाली घालत होती. तीर्थपुरीचा एक व्यापारी तर गाडी थांबवून उतरला, याचा हात हातात घेतला आणि काही न बोलता गेला.

"माणसायला कळतं ताई," तो म्हणाला. "कलेसाठी माणूस काय काय देतो ते आपल्या पब्लिकला बराबर कळतं. सलूनवाल्याच्या डोळ्यात पाणी व्हतं."

मला तेव्हाच समजायला हवं होतं, पण समोर जनरेटर बंद पडला होता आणि मी त्याच्या मागे होते.

सीन लागला. हिरो खुर्चीत बसला. मिशी गेल्यावर त्याचा वरचा ओठ पांढरट, बालिश दिसत होता आणि हात कुठे ठेवावा ते त्याला कळत नव्हतं. पहिले दोन प्रयत्न पूर्वीसारखेच वाया गेले. तिसऱ्याला कॅमेरा सुरू झाला, मास्तरांनी चहाचा कप सरकवला, आणि हिरोच्या खिशातला फोन वाजला. शूटिंगमध्ये फोन बंद ठेवायचा हा माझा पहिला नियम, आणि तो न पाळणारा हा एकमेव माणूस. त्याने नाव पाहिलं आणि कट करायचं सोडून उचलला. तीर्थपुरीची त्याची आत्या होती. ती इतक्या मोठ्याने रडत होती की सगळ्या गोदामात ऐकू आलं.

"आरं लेकरा, माझा भाऊ गेला आन् मला कळवलंबी न्हाई रे तू! परक्याकडून कळावं का मला? मी निघाले, मी निघून राह्यले गाडी करून..."

फोन बंद झाला.

वडिलांच्या सख्ख्या बहिणीने सांगितल्यावर शंका कशाला घ्यायची? आत्याला सांगणारा व्यापारी तोच होता ज्याने काल रस्त्यात याचा हात धरला होता. म्हणजे याच्याच उघड्या ओठावरून निघालेली बातमी तीर्थपुरीला मुक्काम करून याच्याच कानात परत आली होती. पण हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्या तर नाहीच. घरच्यांनी आपल्याला कळवलं नाही यात त्याला नवल वाटलं नाही. आठ वर्षं तोही कुठे काय कळवत होता?

तो ओरडला नाही. छाती काढली नाही. फोन टेबलावर पालथा ठेवला आणि टेबलाकडे बघत राहिला. पोरगीने हात वर करून सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं. कॅमेरा चालूच होता.

मास्तर हौशी नाटकवाले. समोरचा गप्प बसला की आपलं वाक्य पुन्हा टाकायचं, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. ते हळूच म्हणाले, "शेठ, झोप लागते का तुम्हाला?"

"न्हाई साहेब," हिरो म्हणाला. अगदी बारीक आवाज. "खरं सांगतो. म्या भ्यायचो. कोंबड्याला भ्यायचो. वाड्यापुढच्या आंगणात तो लाल कोंबडा राह्यचा. शाळेला जायच्या टायमाला आबा मला खांद्यावर घ्यायचे आन् आंगण पार करून द्यायचे. रोज. ड्युटीवर जायच्या आधी. येकदाबी हसले न्हाईत मला."

मास्तर म्हणाले, "मग?"

"मंग चार माणसात बोलले. खोटं बोलले असते तं चाललं असतं, साहेब. खरं बोलले ना. म्हणून राग आला."

"मग काय केलं तुम्ही?"

"काई न्हाई केलं. फोन आला तं उचलला न्हाई. दिवाळीला येयाचा फोन. मी वाजू द्यायचो. पुरा वाजू द्यायचो." त्याने टेबलावरचा फोन बोटाने थोडा सरकवला. "आता न्हाई येणार."

आणि तो रडला. कसा, ते सांगत नाही. त्याचं नाक वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

मी तोवर गोदामाच्या दारात उभी राहून फोन लावत होते. अंत्यविधी कधी आहे, गाडी किती वाजता काढायची, हे कुणीतरी बघायला हवं होतं. म्हाताऱ्यांचा फोन बंद. बॅटरी उतरते म्हणून ते तो बंद करून धान्याच्या कोठीत ठेवायचे असं नंतर कळलं. मंठ्याचा एक टेम्पोवाला माझ्या ओळखीचा, त्याच्याकडून त्या गावातल्या किराणा दुकानाचा नंबर मिळवला. दुकानदाराला विचारलं, मयत किती वाजता उचलणार?

"कोणाची?"

मी सांगितलं.

"म्हातारं?" तो म्हणाला. "हे काय, समोर ओट्यावर बसून राह्यलेत. सकाळधरनं माणसं भेटायला येऊन राह्यलीत, म्हणून भजे काढलेत त्यायनी."

मी म्हटलं, फोन त्यांच्या हातात द्या आणि मी सांगेपर्यंत परत घेऊ नका. मग मी सरळ चालत गेले, कॅमेऱ्यासमोरून, टेबलापर्यंत, आणि माझा फोन स्पीकरवर करून हिरोपुढे ठेवला. मागून पोरगी काहीतरी ओरडली.

फोनमधून खाकरण्याचा आवाज आला. "कोण हाय रे?"

हिरोने वर पाहिलं. "आबा?"

"मी मेलो म्हणून सांगून राह्यला का तू जालन्याला? इथं माणसायची लाईन लागली ना! कोण मेलं? कव्हा मेलं? मला तं सांग!"

हिरोने दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं. फोनकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याच्या लाल दिव्याकडे पाहिलं. आणि त्या चेहऱ्यावर मला ओळखीचा माणूस परत येताना दिसला.

"मॅडम," त्याने विचारलं, "घेतलं का हे?"

"घेतलं," पोरगी म्हणाली. तीही डोळे पुसत होती. "पण शेवटी ताई मध्ये आल्या."

तो माझ्याकडे वळला. "ताई, दोन मिन्टं थांबायचं ना! बाप काय दोन मिन्टात मरून राह्यलता का?"

फोनमधून म्हातारे म्हणाले, "कोण मरून राह्यलं आता?"

मी गाडी सांगितली. गाडी आली, चालू होती, तरी हिरो बसेना. आधी तो सीन माझ्या मोबाईलवर टाका, म्हणाला. बापाला भेटायला चाललेला माणूस गाडीचं दार धरून उभा आणि कॅमेऱ्यातून मोबाईलवर चित्र उतरायची वाट बघतोय, हे मी आजवर कुठल्याही हिशेबात बसवू शकलेले नाही.

तो सिनेमा पुढे पुरा झाला, लोकांनी पाहिला, नावाजला. आता हिरो कॉलेजांमधून अभिनयावर बोलतो. सांगतो की त्या सीनसाठी सहा महिने तयारी केली, एकांतात राहिलो, पात्राच्या आत शिरलो. पोरं वहीत लिहून घेतात. मास्तर एकदा माझ्या शेजारी बसून हे ऐकत होते. ते म्हणाले, "शिरला होता खरा. पण पात्राच्या नाही." मी म्हटलं, गप्प बसा.

पण सांगायची आहे ती त्या दिवशीची दुपार. मी सोबत गेले होते, कारण गावात गाडी कुठवर जाते ते त्याला आठवत नव्हतं.

ओटा माणसांनी भरला होता. भेटायला आलेले परत गेले नव्हते. जिवंत माणसाकडून त्याच्याच मरणाची चौकशी ऐकायला कुणाला आवडणार नाही? आत्या आमच्या आधी पोचली होती, भावाला बघून आधी किंचाळली होती आणि आता त्यालाच रागवत होती. दुखवट्याला म्हणून तिने भाच्यासाठी नवी टोपी आणि टॉवेल आणला होता. ती टोपी म्हाताऱ्यांनी स्वतःच घातली होती आणि त्यांना ती शोभत होती.

हिरो ओट्यापाशी थांबला. पाया पडला. वाकताना गुडघा कटकन वाजला, ते सगळ्यांनी ऐकलं. म्हाताऱ्यांनी त्याच्या ओठाकडे पाहिलं.

"कोणासाठी काढली?"

"पिक्चरसाठी."

"इचारलं का मला?"

"तुमचा फोन बंद व्हता."

"आठ वर्षं बंद व्हता व्हय?"

एवढ्या सिनेमांत कधी कुणी मारली नव्हती अशी ती थोबाडीत होती. दुसऱ्या कुणी माफी मागितली असती, कुणी रडला असता. हिरोने खिशातून मोबाईल काढला.

"हे बघा," तो म्हणाला. "आजच केलं. कसं झालं सांगा."

मला त्याची लाज वाटली. आत्यालाही वाटली असावी, कारण ती "आता हे काय रे" म्हणून पुढे झाली. पण म्हाताऱ्यांनी मोबाईल घेतला होता. हात लांब करून, डोळे बारीक करून ते बघू लागले. भेटायला आलेली माणसं त्यांच्या पाठीमागे गोळा झाली. छोट्या काचेत एक बिनमिशीचा माणूस टेबलाकडे बघत बसला होता. मग बोलू लागला. मग त्याचं नाक वाहू लागलं.

संपलं. म्हाताऱ्यांनी काळ्या काचेवरून मान वर केली.

"हे तुला कुणी लिहून दिल्तं का?"

"न्हाई," हिरो म्हणाला. ऐट कुठेच नव्हती.

"परत लाव."

त्याने बोट लावलं. परत तोच माणूस, तेच टेबल. आत्या म्हणाली, "बास की आता दादा, भजे थंडे होऊन राह्यले. लेकराला खाऊ दे."

"थांब तू," म्हातारे म्हणाले आणि मोबाईल कानापाशी नेला. "आवाज वाढव रे."